चेहरा धुवायचा आहे, घासायचा नाही

गोटमारच्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याच्या मेडिकल स्टोअरमध्ये कापूस, पट्ट्या आणि जंतुनाशक यांचीच मागणी असते. पण बाकी वर्षभर तरुण मुलं-मुली काउंटरवर येऊन सगळ्यात जास्त काय विचारतात, माहीत आहे? फेसवॉश!

माझं माहेर सौंसर आणि सासर पांढुर्णा. नागपुरात फार्मसीचं शिक्षण घेतलं आणि लग्नानंतर इथल्याच काउंटरवर उभी राहिले. २०२३ साली आमची ही दोन्ही तालुक्यांची गावं छिंदवाड्यापासून वेगळी होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. गावातली मुलं शिकायला नागपूर, भोपाळ, इंदूर, पुण्याला गेली आणि तिथून येताना बॅगेत पाच-सहा बाटल्या घेऊन येऊ लागली. फोमिंग, एक्सफोलिएटिंग, चारकोल, व्हिटॅमिन सी, डबल क्लीन्झिंग. दुकानात येणारे प्रश्नही तसेच. "मावशी, गोरा करणारा फेसवॉश द्या ना." "मावशी, एका दिवसात पिंपल घालवणारा कोणता?" "मावशी, तो व्हिडिओत दाखवला होता, हिरव्या झाकणाचा!"

"मावशी, सौम्य कोणता?" असं विचारणारी मुलगी मात्र महिन्यातून एखादीच. खरं तर पहिला प्रश्न तोच असायला हवा. म्हणून आज या पानावर त्याच एका प्रश्नाचं उत्तर नीट, सविस्तर द्यायचं ठरवलं आहे. मुलांनीही वाचावं बरं का! चेहरा त्यांनाही आहे.

क्लीन्झरचं काम तेवढंच

दिवसभरात चेहऱ्यावर काय बसतं? घाम, धूळ, त्वचेतून येणारं तेल, लावलेलं सनस्क्रीन किंवा मेकअप. हे पुसून काढणं एवढंच क्लीन्झरचं काम. तो चेहऱ्यावर अर्धा-एक मिनिट राहतो आणि पाण्याबरोबर मोरीत जातो. इतक्या वेळात तो डाग घालवणार, रंग उजळवणार, सुरकुत्या मिटवणार, ही अपेक्षाच चुकीची. बाटलीवर केशर, हळद, मोती, सोनं काहीही छापलेलं असो, त्यातलं बहुतेक सगळं वाहूनच जातं. पैसे खर्चायचेच असतील तर ते चेहऱ्यावर राहणाऱ्या गोष्टींवर खर्चा, म्हणजे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनवर.

आता सौम्य म्हणजे काय? आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा गारा. सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचा तो बनलेला असतो. हा गारा शाबूत असेल तर आतलं पाणी बाहेर जात नाही आणि बाहेरचं त्रासदायक काही आत शिरत नाही. कडक क्लीन्झर मळाबरोबर हा गाराही खरवडून नेतो. सौम्य क्लीन्झर मळ काढतो आणि भिंत तशीच ठेवतो.

भांडं घासून बोट फिरवलं आणि करकर आवाज आला की आपल्याला बरं वाटतं. चेहऱ्याच्या बाबतीत ही करकर चांगली नाही. एक मुलगी मला म्हणाली होती, "चेहरा धुतला का इतका ताणल्यासारखा होते मावशी, हसताबी येत नाही." तिला वाटत होतं की याचा अर्थ चेहरा एकदम स्वच्छ झाला. खरं तर तिची त्वचा कोरडी पडून तक्रार करत होती.

मग साबणाने काय बिघडतं?

घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "आम्ही जन्मभर एकाच साबणाने आंघोळ केली, आमचं काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे.

शाळेत आपण सामू शिकलो, ज्याला आता सगळे पीएच म्हणतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, साधारण ४.५ ते ५.५. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून बनलेल्या खऱ्या साबणाचा पीएच मात्र ९ ते १० असतो. अंगाची कातडी जाड, ती सहसा निभावून नेते. चेहऱ्याची नाजूक. साबणाने धुतल्यावर त्वचेचा पीएच वर जातो आणि मूळ पातळीवर यायला काही तास लागू शकतात. दिवसातून चार वेळा साबण लावला तर तिला सावरायला वेळच मिळत नाही.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम हा आकडा असतो. टीएफएम म्हणजे एकूण मेदयुक्त पदार्थ. भारतीय मानकांनुसार पहिल्या दर्जाच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या दर्जात ७० आणि तिसऱ्यात ६० टक्के लागतो. आंघोळीचा साबण घेताना हा आकडा जरूर बघा. पण चेहऱ्यासाठी फक्त टीएफएमवर जाऊ नका. पहिल्या दर्जाचा साबणही अल्कलीच असतो.

याला पर्याय म्हणजे साबण नसलेला साबण! कोड्यात बोलत नाही. कृत्रिम पण सौम्य द्रव्यांपासून बनलेल्या वडीला सिंडेट बार म्हणतात. अमेरिकेत १९५७ साली बाजारात आलेली डव्हची वडी या जातीची. त्याआधी १९४७ साली तिथेच सेटाफिल हे जवळजवळ फेस न येणारं लोशन आलं. ही नावं इतिहास म्हणून सांगितली, घ्याच म्हणून नव्हे. आज अनेक देशी कंपन्याही कमी किमतीत असे क्लीन्झर बनवतात. अशा वड्यांवर बरेचदा बाथिंग बार असं लिहिलेलं असतं आणि त्यांना टीएफएमचं माप लागू पडत नाही. म्हणून तो आकडा कमी दिसला की वडी वाईटच, असं सरसकट समजू नका.

आपल्याकडचं पाणी

ही गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही, कारण व्हिडिओ करणाऱ्याच्या घरचं पाणी वेगळं असतं.

आमच्याकडे ज्या घरांत बोअरचं पाणी वापरतात, तिथे बादलीच्या काठाला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो. तुरीची डाळ शिजता शिजत नाही. साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण लावतो. हे जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबण या क्षारांशी मिळून चिकट साका तयार करतो आणि तो धुतला तरी पूर्ण निघत नाही. बाथरूमच्या फरशीवर जो दिसतो, तोच थोडाफार आपल्या गालांवरही राहतो.

इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली हेच तपासलं होतं. सोडियम लॉरिल सल्फेट या फेस आणणाऱ्या द्रव्याने त्वचा धुतली, तर जड पाण्यात ते त्वचेवर जास्त प्रमाणात उरतं आणि जळजळ वाढते, असं त्यांना आढळलं. ज्यांना आधीच एक्झिमाचा त्रास, त्यांना अधिक.

म्हणून बोअरच्या पाण्याच्या घरात तीन गोष्टी पाळा. क्लीन्झर सिंडेट किंवा कमी फेसाचा घ्या. तो अगदी थोडा घ्या, वाटाण्याएवढा. आणि शेवटचा हबका शक्य असेल तर उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा मारा. एक तांब्या पुरतो, त्यासाठी अख्खी बादली गाळायची गरज नाही. पुण्याहून दिवाळीला घरी आलात आणि चार दिवसांत चेहरा खरखरीत झाला, तर लगेच नवा फेसवॉश आणायला धावू नका. आधी पाणी बदललंय का ते बघा.

बाटली उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माहिती. नियमाप्रमाणे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमाने. म्हणजे पहिली पाच-सहा नावं वाचली तरी बाटलीचा स्वभाव कळतो.

सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव पाण्याच्या लगेच खाली असेल तर रोजच्या चेहऱ्यासाठी नको. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून बरं, पण कोरड्या त्वचेला तेही जड जातं. कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड ही नावं सहसा सौम्य उत्पादनात दिसतात. ग्लिसरीन वरच्या चार-पाच नावांत असेल तर उत्तम, कारण ते ओलावा धरून ठेवतं.

परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स असेल आणि तुमची त्वचा चटकन लाल होत असेल, तर बाटली परत ठेवा. इथे एक बारकावा आहे. अनसेंटेड आणि फ्रॅग्रन्स-फ्री या दोन शब्दांचा अर्थ एक नाही. अनसेंटेडमध्ये मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. आपल्याला हवं ते फ्रॅग्रन्स-फ्री.

दाणेदार स्क्रब रोजच्या वापराला नकोच. आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत यांतलं काही बाटलीवर नसेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आपली त्वचा कोणती?

घरच्या घरी एक परीक्षा करा. चेहरा धुवा, टिपा, काहीही लावू नका आणि अर्धा तास थांबा. सगळीकडे ताण जाणवला तर त्वचा कोरडी. कपाळ-नाक-गाल सगळं चमकलं तर तेलकट. फक्त कपाळ-नाक-हनुवटी चमकली तर मिश्र. झोंबलं, लाल झालं तर संवेदनशील.

कोरड्या आणि संवेदनशील त्वचेला दुधासारखा, फेस न येणारा क्लीन्झर. तेलकट आणि मिश्र त्वचेला जेलसारखा, हलका फेस येणारा. मुरुमं येत असतील तर २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असलेला चालतो, पण आधी एक दिवसाआड वापरून बघा. नॉन-कॉमेडोजेनिक असं लिहिलेलं असेल तर तो रंध्रं बुजवणार नाही या बेताने बनवलेला असतो.

मुरुमं आली की मुलं-मुली चेहरा जास्त वेळा धुतात, जास्त घासतात. मुरुमं मळामुळे येत नाहीत. ती हार्मोन, त्वचेतलं तेल आणि बुजलेली रंध्रं यांच्यामुळे येतात. घासून ती जात नाहीत, उलट चिडतात. दाढी करणाऱ्या मुलांनी तर दाढीच्या जागी कडक साबण टाळावाच. तिथे त्वचा आधीच ब्लेडने सोललेली असते.

नवीन क्लीन्झर आणला की थेट चेहऱ्याला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला एका छोट्या जागी, चेहऱ्यावर ठेवाल तितकाच वेळ ठेवून धुवा. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. खाज, पुरळ नाही आलं तर मग चेहऱ्यावर.

संत्र्याच्या साली आणि आजीचं बेसन

सौंसरच्या घरात संत्र्याच्या सालींचा विषय निघाला नाही असं होणारच नाही. आंबिया बहाराची संत्री उतरली की गच्चीवर साली वाळत पडतात. मग त्याचं चूर्ण, चूर्णाचा फेसपॅक. मीही लहानपणी वाटलं आहे.

पण नीट विचार करू या. सालीत लिमोनिन नावाचं सुगंधी तेल असतं. हवेशी संयोग झाल्यावर ते काहींच्या त्वचेला ॲलर्जी करतं. घरी कुटलेलं चूर्ण कितीही चाळलं तरी खरखरीत राहतं. बागेत फवारणी झालेली असेल तर तीही सालीवरच असते. अंगाला कधीतरी लावायला हरकत नाही, पण रोज चेहऱ्याला नको. लिंबाचा रस मात्र कधीच नको. त्याचा पीएच २ च्या आसपास, आणि तो लावून उन्हात गेलं तर चेहऱ्यावर काळे चट्टे, फोड येऊ शकतात. आमच्याकडे मे महिन्यात ऊन कसं असतं हे मी सांगायला नको.

आजी मात्र एका बाबतीत हुशार होती. ती बेसन साईत कालवायची, दिवाळीच्या उटण्याआधी तेल चोळायची. म्हणजे आधी स्निग्धता, मग हलकी स्वच्छता. आजचे चांगले क्लीन्झर याच तत्त्वावर बनतात. त्यामुळे नरक चतुर्दशीचं उटणं खुशाल लावा. ते वर्षातून एकदाच असतं आणि त्यासोबत आईचा हात असतो.

गोरेपणाची ट्यूब

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

आमच्या दुकानात एक आई आणि मुलगी आल्या. मुलीचं लग्न तीन महिन्यांवर होतं. आई म्हणाली, "काही स्ट्राँग फेसवॉश द्या बाई, चेहरा लाल लाल होते आहे, फोटोत कसा दिसंन?" मुलगी ओढणीने गाल झाकून उभी होती. काय लावते असं विचारल्यावर तिने पर्समधून एक छोटी ट्यूब काढली. कोणा नातेवाईक बाईने सुचवलेली. चार महिने रोज रात्री लावत होती. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळला होता, सगळे छान म्हणाले होते. मग मुरुमं, बारीक लव, उन्हात गेलं की आग. लावणं थांबवलं की आणखी लाल, म्हणून पुन्हा लावायची.

ट्यूबवर स्टिरॉइडचं नाव स्पष्ट छापलेलं होतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी ती नावं असतात. ही वाईट औषधं नाहीत. योग्य आजारात, योग्य दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गुणकारी आहेत. पण गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते. याच कारणासाठी २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांची मलमं अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटनाही याबद्दल सतत सांगत आली आहे.

मी त्यांना फेसवॉश विकला नाही. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लग्न ठरल्या तारखेला झालं. चेहऱ्यावर थोडी लाली होती आणि नवऱ्यामुलाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्वचा पूर्ण शांत व्हायला पुढे काही महिने लागले. आज ती एक साधा क्लीन्झर, एक मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच वापरते.

बिनलेबलच्या क्रीमचं तर याहून भयंकर. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा परवानगीपेक्षा कितीतरी पट जास्त पारा निघाला. पारा रंग उजळवतो आणि त्वचेतून शरीरात जातो.

१९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला फेअर हा शब्द २०२० साली कंपनीने काढून टाकला. नाव बदललं, पण स्थळ बघताना "मुलगी जरा सावळी आहे" हे वाक्य आपल्या घरांतून अजून गेलेलं नाही. जोपर्यंत ते बोललं जाईल, तोपर्यंत अशा ट्यूबा पर्समध्ये सापडत राहतील. आपल्यापैकी कोणी अशी ट्यूब वापरत असेल, तर मनानेच बंद-चालू करत बसू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

साधा दिनक्रम

सकाळी क्लीन्झर किंवा कोरडी त्वचा असेल तर नुसतं पाणी. मग मॉइश्चरायझर. बाहेर पडण्याआधी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. शेतावर, बागेत, दुचाकीवर जाणाऱ्यांनी त्यावर दुपट्टा बांधा आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावा.

रात्री क्लीन्झर आणि मॉइश्चरायझर. बस्स. खूप घाम आला, जिनिंगमधून किंवा शेतातून आलात, तर मध्ये एकदा आणखी धुवा. पाणी कोमट, गरम नाही. बोटांच्या पेरांनी, जाळी किंवा दगड नाही. रुमालाने पुसू नका, टिपा. आणि चेहरा थोडा ओला असतानाच मॉइश्चरायझर लावा.

नवीन गोष्ट एका वेळी एकच आणा आणि तिला चार आठवडे द्या. पाच बाटल्या एकदम सुरू केल्या तर कोणती सोसली नाही, हे कळणार कसं?

यंदा दिवाळीला घरी जाल तेव्हा धाकट्या बहिणीच्या, भावाच्या आरशापुढचा कप्पा एकदा बघा. सगळ्या बाटल्या-ट्यूबा उलट्या करून दोघं मिळून वाचा. जे नको ते बाजूला काढा. रागावू नका, हसूही नका. आणि ती आरशासमोर उभी असताना कोणी रंगावरून काही बोललं, तर तिच्या आधी तुम्ही उत्तर द्या.